एक नट नदीत पडला

गेल्या दिवाळीत माझ्या हातून एक हॉलिवूडचा नट नदीत पडला.

मुद्दाम नाही पाडला. भाचा सुट्टीला आला होता आणि सोबत त्याचं ते प्लेस्टेशन. खेळता खेळता "मामा, जरा धर हे, आलोच," म्हणत त्याने खेकड्याच्या आकाराचा कंट्रोलर माझ्या हातात कोंबला आणि तो बाथरूमकडे पळाला. जाताना "काही करू नकोस, त्याला नुसता उभा राहू दे," असंही ओरडला. पडद्यावर दाढी वाढलेला, वैतागलेला एक माणूस पाठीवर पेट्यांची चळत घेऊन नदीकाठी उभा होता. आता, समोर एखादा माणूस नुसता उभा असताना त्याला नुसता उभा राहू देणं ज्याला जमतं, तो बत्तीस वर्षं बँकेत साहेब म्हणून काढू शकत नाही. मी अंगठा इवलासा पुढे सारला. तो चालला. मला फार बरं वाटलं. मी आणखी सारला.

पहिली चार पावलं त्याने नीट टाकली. मग पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, आणि पाठीवरच्या ओझ्याने तो जो कलला तो गेलाच. पेट्या सुटून प्रवाहाला लागल्या, विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य जातं तशा एकामागून एक. आणि तेवढ्यात माझ्या हातातला कंट्रोलर रडायला लागला.

रडायला म्हणजे तान्हं बाळ रडतं तसं. टीव्हीतून नव्हे, हातातूनच. त्या माणसाच्या छातीवर एका कुपीत एक बाळ असतं, तो पडला की ते घाबरतं, आणि त्याचं रडणं कंट्रोलरमध्ये बसवलेल्या बारक्या स्पीकरमधून येतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी तो सोफ्यावर टाकून दोन पावलं मागे झालो होतो. बायको चकलीचा सोऱ्या घेऊनच स्वयंपाकघरातून धावत आली. "कोणाचं बाळ आणलंय?" भाचाही धावत आला, त्याने एक बटण दाबून धरलं आणि म्हणाला, "मामी, आता हा असा हातात घेऊन हलव." तिने सोऱ्या माझ्या हातात दिला, कंट्रोलर घेतला आणि जोजवला. बाळ थांबलं. या गेममध्ये बाळ शांत करायची रीत नेमकी तीच आहे. तिला ती कुणी शिकवावी लागली नाही.

"दीड तास चालत आलो होतो, मामा," भाचा म्हणाला.

"हा आहे कोण?" मी विषय बदलला.

"नॉर्मन रीडस."

"करतो काय?"

"पार्सलं पोचवतो."

नॉर्मन रीडस हा साधासुधा नट नव्हे. 'द वॉकिंग डेड' नावाच्या मालिकेत चालत्या प्रेतांना मारत त्याने वर्षानुवर्षं जगभरचे प्रेक्षक जागे ठेवले. त्याला हिदेओ कोजिमा या जपानी गेमकर्त्याने 'डेथ स्ट्रँडिंग' या 2019 साली आलेल्या गेममध्ये घेतलं आणि सॅम पोर्टर ब्रिजेस असं नाव दिलं. नावातच पोर्टर. अमेरिका मोडून पडली आहे, माणसं जमिनीखाली दारं लावून बसली आहेत, आणि हा एकटा डोंगरदऱ्यांतून त्यांची ओझी वाहतो. तोल गेला की आपण कंट्रोलरच्या डाव्या-उजव्या बाजूची बटणं दाबून सावरायचा. त्याचे बूट झिजतात. त्याला लघवीला लागते आणि तीही आपणच करवायची. मोबदला काय, तर लोक त्याला 'लाइक' देतात. पुण्याच्या हमाल पंचायतीने हे कागद पाहिले असते तर करार पहिल्या पानावरच परत केला असता. (गेम नोव्हेंबरात आला आणि पुढच्या मार्चमध्ये आपण सगळे खरोखरच दारं लावून घरात बसलो, पार्सलवाल्याची वाट बघत. त्यामुळे कोजिमाला आता लोक द्रष्टा म्हणतात.)

मला मात्र त्या रात्री झोप लागेना, ती वेगळ्याच कारणाने. एवढा मोठा नट, आणि तो माझ्या अंगठ्याखाली होता.

आमच्या लेखी नट म्हणजे खाली अंधारात बसून मान वर करून बघायची वस्तू. नाटकाच्या जाहिरातीत सगळ्या नटांची नावं संपल्यावर 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' असं छापलं जायचं, ते तीन ठिपके वाचूनच माणूस तिकिटाच्या रांगेत उभा राहायचा. 'अश्रूंची झाली फुले'तला लाल्या रंगमंचावर आला की शिट्ट्यांनी पुढची दोन वाक्यं ऐकू येत नसत, असं थोरले सांगत. आता कल्पना करा की व्यवस्थापकाने तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या हातात लाल्याची दोरी दिली आहे. गृहस्थ नवखे आहेत. लाल्या एन्ट्री घेतो, वळतो आणि भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटं चालत राहतो. मग विंगेतल्या टेबलावर चढतो. मग खाली उतरतो. मग पुन्हा चढतो. कोण शिट्टी मारेल?

कुडाळजवळच्या पिंगुळीला मी एकदा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिला होता. दोरी धरणारा पडद्यामागे होता, आवाजही त्याचाच होता, आणि त्याचं नाव काय हे आम्ही विचारलं नव्हतं. राजाचं नाव मात्र लक्षात आहे. या गेमवाल्यांनी तो खेळ पार उलटा केला आहे. राजाच्या जागी जगप्रसिद्ध माणूस टांगायचा आणि दोरी माझ्यासारख्या कुठल्याही मामाकडे द्यायची.

ज्यांना दोरीला टांगून घ्यायचं नसतं, ते नामांकित नट दुसरी वाट काढतात. ती वाट आपल्याकडे लग्नात मंत्री येतात तशी आहे. मंत्री येतात, अक्षता टाकतात, फोटो होतो, पाच मिनिटांत गाड्या निघतात, पण वधूपिता पुढची वीस वर्षं सांगतो, "आमच्याकडे साहेब आले होते." 'ओब्लिव्हियन' या 2006 सालच्या गेममध्ये पॅट्रिक स्टुअर्ट हा इंग्रज रंगभूमीवरचा मुरलेला नट बादशहाच्या आवाजासाठी बोलावला. आवाज असा की वाटावं, आता शंभर तास याच्या राज्यात काढायचे. बादशहा तुरुंगाच्या कोठडीत येतो, दोन गंभीर वाक्यं बोलतो, गळ्यातला हार काढून आपल्याला देतो आणि खेळ नीट सुरू व्हायच्या आत मारला जातो. गाड्या निघाल्या. उरलेले शंभर तास आपण मांडव आवरत हिंडायचं. त्याच कंपनीच्या 'फॉलआउट 3'मध्ये लियाम नीसन आपला बाप असतो. तो आपल्याला लहानाचं मोठं करतो आणि एके दिवशी न सांगता निघून जातो. मग आपण 'बाबा, बाबा' करत उजाड वॉशिंग्टनभर फिरतो. दोन्हीकडे हिशोब सरळ आहे. मोठा आवाज थोडा वेळच परवडतो, तेव्हा गोष्टच अशी लिहायची की तो थोडा वेळच असेल. आमच्या हौशी नाटकमंडळींत पाहुण्या नटाला दुसऱ्या अंकात ट्रेन पकडायची असली की लेखक पहिल्या अंकातच त्याला हार्ट अटॅक देत असे, तसंच हे.

याच 'ओब्लिव्हियन'मध्ये बादशहाच्या मुलाचा आवाज शॉन बीनचा आहे आणि तोही शेवटी जगत नाही. शॉन बीन हा नट सिनेमांत आणि मालिकांत मरण्यासाठी इतका प्रसिद्ध आहे की तो दिसला की प्रेक्षक घड्याळ बघतात. गेमवाल्यांनी ही गंमत हेरली. 'हिटमॅन 2' या मारेकऱ्याच्या गेममध्ये 2018 साली त्यांनी खुद्द शॉन बीनला सावज म्हणून आणला, आणि त्या पात्राचं बिरुद काय, तर 'न मरणारा'. ठरावीक दिवसांपुरताच तो तिथे असणार, आणि प्रत्येक खेळाडूला एकच संधी. चुकलात की गेला. म्हणजे जगभरातल्या बसायच्या खोल्यांमध्ये त्या काळात हा एकच गृहस्थ कोणाकोणाच्या हातून कितीदा मेला असेल! हे ऐकल्यापासून माझ्या मनात शॉन बीनबद्दल फार आदर आहे. स्वतःच्या प्रतिमेची एवढी हसत हसत चेष्टा करून घ्यायला आपल्याकडचे किती नट तयार होतील, हे वाचकांनीच ठरवावं.

पण या सगळ्या भानगडीत मला सर्वांत जवळचा वाटला तो आवाजाचा आणि वयाचा प्रश्न. याला कारण माझं वय.

'फ्रॉम रशिया विथ लव्ह' हा जेम्स बाँडचा सिनेमा 1963चा. त्यावरचा गेम आला 2005 साली. चेहरा घेतला साठच्या दशकातल्या शॉन कॉनरीचा, तुकतुकीत, एक सुरकुती नाही. आणि आवाज द्यायला बोलावला शॉन कॉनरीच, पण 2005 सालचा, पंचाहत्तरीच्या घरातला. त्यामुळे झालं असं की ऐन तिशीतला बाँड सुंदर बाईकडे बघून तोंड उघडतो आणि आतून आजोबा बोलतात. मी भाच्याकडून त्याचा व्हिडिओ लावून घेतला. भाचा हसला. मला मात्र ते भयंकर खरं वाटलं. सकाळी आरशासमोर माझं रोज हेच होतं, फक्त उलट्या बाजूने. आत आवाज पंचविशीचा आहे आणि चेहरा बोलावला आहे आत्ताचा.

अल पचिनो जास्त सावध निघाला. 1983च्या 'स्कारफेस'वर 2006 साली गेम निघाला, तेव्हा त्याने चेहरा वापरू दिला, पण आपला आवाज आता तसा राहिलेला नाही हे ओळखून बोलण्याचं काम आंद्रे सोग्लिउझो नावाच्या दुसऱ्या कलाकाराकडे जाऊ दिलं. त्याच वर्षीच्या 'गॉडफादर'च्या गेममध्ये तर त्याने चेहराही दिला नाही. त्याच गेमसाठी मार्लन ब्रँडोने मरणाच्या आधी ध्वनिमुद्रण केलं होतं, पण आजारपणाने आवाज इतका खचला होता की त्यातलं बरंचसं वापरता आलं नाही. तीन मोठे नट, तिघांची म्हातारपणाशी तीन तऱ्हेची तडजोड. माझे आजोबा सांगायचे, उतारवयातले बालगंधर्व सिंधू किंवा भामिनी होऊन आले की ते डोळे मिटून घेत आणि नुसतं ऐकत. त्या प्रेक्षकांची सोय एका अर्थी चांगली होती. चेहरा नको असेल तर डोळे मिटावेत. गेममध्ये डोळे मिटले की नट नदीत पडतो.

आवाज असून उपयोग नाही, असंही होतं. 'डेस्टिनी' हा गेम 2014 साली आला. त्यात आपल्यासोबत तरंगणाऱ्या एका यंत्राला पीटर डिंकलेजचा आवाज दिला होता. हा 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळे तेव्हा घराघरांत पोचलेला, खरोखरच उत्तम नट. पण इथे तो रेल्वे स्थानकावरची घोषणा वाचल्यासारखा बोलला, अशी ओरड झाली. वर्षभरात गेमवाल्यांनी त्याची सगळीच्या सगळी वाक्यं नोलन नॉर्थ या व्यावसायिक आवाज-कलाकाराकडून पुन्हा वदवून घेतली. सिनेमातल्या नटाला आपला आवाज असा एका सकाळी पुसून टाकलेला बघावा लागत नाही. मला वाटतं त्या बिचाऱ्याची चूक फारशी नव्हती. स्टुडिओत समोर दुसरा नट नसतो. कागदावर वाक्यांची यादी असते, तीही क्रमाने नाही. 'दार उघड', 'मागे बघ', 'तो चंद्रावरून आला'. का, कशासाठी, कोणाला, काही नाही. माझ्या शाखेत ऑडिटर असेच प्रश्न विचारायचे आणि मीही असाच उत्तरं द्यायचो.

उलट उदाहरण मार्क हॅमिलचं. 'स्टार वॉर्स'मधला गोरागोमटा ल्यूक. तो 'बॅटमॅन'च्या कार्टूनमध्ये आणि पुढे 2009च्या 'आर्कम असायलम' या गेममध्ये जोकर होऊन असा हसतो की ल्यूक कुठे शोधूनही सापडत नाही. नाव मोठं, पण घरात शिरताना चपला बाहेर काढल्या आहेत.

आणि किआनू रीव्ह्ज. त्याच्यासाठी भाच्याने आवाज खाली आणून, देवाचं नाव घ्यावं तसं नाव घेतलं. 2019च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसला 'सायबरपंक 2077'च्या जाहिरातीसाठी तो मंचावर आला, प्रेक्षकांतून कोणीतरी त्याच्या देखणेपणावर ओरडलं, आणि त्याने तेच विशेषण बोट दाखवून ओरडणाऱ्याला आणि मग सगळ्या सभागृहाला परत केलं. जगभर गेमवेडे विरघळले. गेममध्ये तो जॉनी सिल्व्हरहँड नावाचा, मरून गेलेला, चांदीच्या हाताचा रॉक गायक आहे. तो आपल्या डोक्यात बसवलेल्या चिपमध्ये राहतो, फक्त आपल्यालाच दिसतो, आणि आपण काहीही करायला गेलो की भिंतीला टेकून उभा राहून टोमणे मारतो. भाचा हे समजावून सांगत असताना मी म्हटलं, "अरे, हा तर वेताळ!" 'चांदोबा' वाचून वाढलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काय आहे? मानगुटीवर भूत, भूत हुशार, बोलकं, आणि उत्तर दिलं तरी पंचाईत, न दिलं तरी पंचाईत. नटाला गेममध्ये बसवायची याहून चांगली जागा मला सुचत नाही. दोरी आपल्या हातात राहते आणि त्याचा तोराही शाबूत राहतो.

गेम मात्र 2020च्या डिसेंबरात अर्धाकच्चा बाहेर पडला. जुन्या प्लेस्टेशनवर माणसं जमिनीत रुतत, गाड्या हवेत उडत. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली, तो पुन्हा दुकानात आला पुढच्या जूनमध्ये. मांडव पडला तरी लोक मंत्र्यावर रागावले नाहीत, हे विशेष.

आपल्याकडचे तारे गेममध्ये येतात ते बहुतेक पोस्टरला चिकटवल्यासारखे. 'गजनी' आला, त्याचा गेम आला. 'रा.वन'मध्ये तर शाहरुख खान गेममधूनच बाहेर आलेला नायक होता, आणि त्या सिनेमाचाही गेम आला. 'फ्री फायर'ने 2020 साली हृतिक रोशनवरून 'जय' नावाचं पात्र काढलं. 2022च्या फेब्रुवारीत सरकारने त्या गेमवरच बंदी घातली. हृतिक रोशनची कारकीर्द अशा तऱ्हेने सरकारी आदेशाने थांबायची ही पहिलीच वेळ असावी. त्या मानाने पुण्याच्या मंडळींनी 2020 सालीच केलेला 'राजी' हा गेम, ज्यात एकही तारा नाही, फक्त भावाला शोधणारी एक मुलगी आहे, तो मला जास्त आवडला. भाच्याला तो जरा छोटा वाटला. मला तो माझ्या वेगाला बरा वाटला. त्यातही मी पडलो, पण पडणारी मुलगी अनोळखी असल्यामुळे कोणाची माफी मागावी लागली नाही.

पडणं, मरणं, ओरडणं, यावरून आठवलं. गेममध्ये ही कामं सर्वांत जास्त असतात आणि ती बहुतेक वेळा ताऱ्यांच्या वाट्याला येत नाहीत. ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नसतात ते कलाकार बंद खोलीत माइकसमोर उभे राहून आधी उंचावरून पडतात, मग जळतात, मग बुडतात, मग गोळी लागून पडतात. प्रत्येक प्रकारच्या चार-पाच तऱ्हा. अमेरिकेतल्या या कलाकारांच्या युनियनने 2016च्या ऑक्टोबरमध्ये संप केला, तो सुमारे अकरा महिने चालला. त्यांच्या मागण्यांमध्ये एक अशी होती की घसा फाडून ओरडायचं काम असेल तर सत्र दोन तासांच्या पुढे नेऊ नये. 2024च्या जुलैपासून पुन्हा जवळजवळ वर्षभर संप झाला. या वेळची भीती अशी होती की एकदा मुद्रित केलेल्या किंकाळीवरून कॉम्प्युटर पुढच्या हजार किंकाळ्या स्वतःच काढेल आणि किंचाळणाऱ्याला घरी बसवेल. मृत्यूचा मोबदला तरी आम्हालाच मिळू द्या, इतकी साधी मागणी मी दुसरी ऐकलेली नाही.

भाऊबीज झाली आणि भाचा परत जायला निघाला. त्याच्या आदल्या रात्री त्याने त्या हमालाचा गेम एकदाचा संपवला. माझ्या नदीतल्या पेट्यांचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पडद्यावर नावं सरकायला लागली तेव्हा तो उठून बॅग भरायला गेला. मी बसून राहिलो. नाटक संपल्यावरही नामावली पूर्ण होईपर्यंत उठायचं नाही ही आमच्या घरातली शिस्त. गेममध्ये डेडमॅन नावाचा एक गोल चेहऱ्याचा, हळव्या स्वभावाचा डॉक्टर आहे. तो मला फार आवडला होता, त्याचं बोलणं विशेष. "तो चेहरा गियेर्मो देल तोरोचा आहे, मामा, ऑस्कर मिळालेला दिग्दर्शक," भाच्याने आतून ओरडून सांगितलं.

"आणि आवाज?"

आतून उत्तर आलं नाही. नावं सरकत होती, चष्मा लावून मीच वाचलं. आवाज जेसी कॉर्टी या कलाकाराचा आहे.